दार लावून घ्या

२६ मे २०१६, गुरुवार. सकाळी साडेअकरा वाजून गेले होते. डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये प्रोबेस एंटरप्रायझेस या कंपनीत स्फोट झाला. १२ माणसं गेली, जखमींचा आकडा दोनशेच्या आसपास पोचला, आणि कंपनीशी काडीचा संबंध नसलेल्या, दीड-दोन किलोमीटरवरच्या इमारतींच्या काचा खळाखळा खाली आल्या.

२३ मे २०२४. वार पुन्हा गुरुवार, फेज पुन्हा दोन. कंपनी अमुदान केमिकल्स, वेळ दुपारी दीड-पावणेदोनची. दहाहून जास्त मृत्यू, साठच्या वर जखमी. मृतांची ओळख पटवायला डीएनए चाचण्यांचा आधार घ्यावा लागला.

दोन्ही वेळा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती, हे नशीबच म्हणायचं. पण ते अर्धंच नशीब. पाळणाघरांना मे महिन्यात सुट्टी नसते. उलट त्याच महिन्यात ती भरतात. एरवी दुपारी शाळेतून परस्पर येणारी पहिली-दुसरीतली मुलं सुट्टीत सकाळी आठपासून तिथंच असतात. आई सात बेचाळीसच्या लोकलनं मुंबईला गेलेली, बाबा ऐरोलीला, आजी-आजोबा गावी. बोर्डावर 'घरगुती वातावरण' असं लिहिलेल्या त्या पाळणाघराचा पत्ता महापालिकेच्या, अग्निशमन दलाच्या किंवा कारखान्याच्या कुठल्या यादीत असेल, तर तो योगायोगच. शाळेची इमारत नकाशावर दिसते. तळमजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये १२ मुलं झोपली आहेत, हे बाहेरच्या कुणालाही दिसत नाही.

डोंबिवलीची एमआयडीसी साठच्या दशकातली. तेव्हा आजूबाजूला आजदे, सागर्ली, सोनारपाडा ही गावं होती आणि मधे शेतं. नंतर एमआयडीसीनंच निवासी विभाग पाडला, बंगले उठले, मिलापनगर, सुदर्शननगर वसलं, आणि शहर चहूबाजूंनी कारखान्यांना येऊन भिडलं. २०१४ च्या जानेवारीत इथं हिरवट पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत एक रस्ता गुलाबी झाला. त्या गुलाबी रस्त्याच्या पाहणीला मुख्यमंत्री आले, फोटो निघाले. अशा गावात राहणारा माणूस रात्री खिडकी उघडायची की नाही, हे नाकानं ठरवतो. वासाची सवय झाली की वासाचं भय उरत नाही, आणि नेमकं तेच धोक्याचं.

मुलाला पाळणाघरात घालताना आईबाप काय विचारतात? जेवणात पोळी-भाजी असते का, दुपारी झोपवता का, टीव्ही किती लावता, कॅमेरा आहे का. कॅमेऱ्याचा प्रश्न २०१६ नंतर विशेष वाढला. त्या वर्षाच्या अखेरीस खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि अख्खा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून सुरक्षितता म्हणजे कॅमेरा, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलं. ते चुकीचं नाही, पण कॅमेरा काय झालं तेवढंच सांगतो. गॅस सुटला, स्फोट झाला, जमीन हलली, बाहेर दंगल पेटली, तर पाळणाघर चालवणाऱ्या काकू मुलांना घेऊन बाहेर पळणार की दार लावून आत थांबणार, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. काकूंनाही तो कुणी विचारलेला नसतो.

आपल्या अंगवळणी एकच गोष्ट पडलेली आहे: बाहेर पळा. आगीच्या बाबतीत ती बरोबर आहे, शंभर टक्के. पण आपत्ती म्हणजे आग एवढंच धरून चाललं, तर बाकीच्या वेळी तीच सवय घात करते.

काचेपासून सुरुवात करू, कारण दोन्ही मे महिन्यांत सगळ्यात दूरवर पोचलेली इजा काचेची होती. स्फोटाचा उजेड आधी दिसतो, दणका मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या घराला तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत माणूस काय करतो? काय झालं बघायला खिडकीशी जातो. मुलं तर हमखास जातात. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी आकाशात उल्का फुटली, तेव्हा हेच झालं. डोळे दिपवणारा झोत बघून लोक खिडक्यांशी गोळा झाले, आणि दोनेक मिनिटांनी दाबाची लाट येऊन काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोकांनी उपचार घेतले. त्याच शहरात युलिया कार्बिशेवा या चौथीच्या बाई होत्या. उजेड कशाचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी वर्गातल्या ४४ मुलांना त्यांनी बाकांखाली जायला सांगितलं. त्या स्वतः उभ्या राहिल्या, काच लागून त्यांच्या हाताला खोल जखम झाली. ४४ मुलांपैकी एकालाही ओरखडा आला नाही.

पाळणाघरात बाकं नसतात. जमिनीवर गाद्या असतात, आणि त्या बहुतेक वेळा खिडकीखालीच घातलेल्या असतात, कारण तिथं वारा येतो. गाद्या समोरच्या भिंतीला सरकवायला एक पैसा लागत नाही. खिडकीला जाड पडदा असावा आणि झोपेच्या वेळेत तो ओढलेला असावा. काच फुटलीच तर बराच चुरा पडद्यात अडकतो.

गॅसचं प्रकरण याहून अवघड, कारण तिथं प्रत्येक उपाय अंतःप्रेरणेच्या उलटा आहे. भोपाळची २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून गॅस सुटला, तेव्हा तिथला सायरन लोकांसाठी थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. डोळे चुरचुरून जागे झालेले लोक अंधारात बाहेर पडले आणि पळत सुटले, कित्येक जण वाऱ्याच्याच दिशेनं. पळणारा माणूस जोरजोरात श्वास घेतो, म्हणजे विषही जास्त ओढतो. सुटलेलं मिथिल आयसोसायनेट हवेपेक्षा साधारण दुप्पट जड, त्यामुळे ते जमिनीलगत पसरलं आणि ज्यांची नाकं जमिनीच्या जवळ होती, त्या मुलांना जास्त बाधलं. दारं-खिडक्या लावा, ओलं फडकं नाकातोंडाला धरा, ही एवढीशी सूचनाही त्या रात्री वस्त्यांपर्यंत पोचली नाही.

मोठा माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो, तान्हं बाळ ३० ते ४० वेळा. वजनाच्या मानानं बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. म्हणून रासायनिक गळतीत लहान मुलांना घेऊन रस्त्यावर येणं, दोन कडेवर, चार हाताशी, बाकीची रडत मागे, हा बहुतेक वेळा सगळ्यात वाईट पर्याय असतो. पोलिसांनी किंवा अग्निशमन दलानं घर सोडायला सांगितलं तर अर्थातच सोडायचं. पण ती सूचना येईपर्यंतची पहिली अर्धा-पाऊण तासाची वेळ काकूंची एकटीची असते.

तेव्हा काय करायचं, हे अमेरिकेतल्या पाळणाघरांना कायद्यानं बसवलेलं आहे. तिथल्या २०१४ च्या बालसंगोपन निधी कायद्यात प्रत्येक राज्याला ही आखणी सक्तीची केली: इमारत सोडणं, दुसऱ्या जागी हलवणं, आहे तिथंच आत थांबणं, दारं बंद करून लपणं, आणि शेवटी मूल पालकांच्या हाती परत देणं. या पाचही गोष्टी वेगवेगळ्या धरलेल्या आहेत, आणि तान्ह्या मुलांचा त्यात स्वतंत्र विचार आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना डे-केअरच्या फॉर्मसोबत या सरावांची माहिती मिळते. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो, मग सवय होते.

ती आखणी डोंबिवलीच्या वन बीएचकेत उतरवून बघू. हॉलला मोठी सरकती खिडकी आणि गॅलरी, म्हणजे हॉल बाद. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनचं भोक, तेही बाद. सिलेंडरचा रेग्युलेटर मात्र आधी बंद करायचा. उरली बेडरूम. तिला एक खिडकी, एक दार आणि जोडून बाथरूम. मुलांसाठी बाथरूम हवंच, पण त्याच्या वरच्या काचपट्ट्यांच्या झडपेतून हवा सरळ आत येते. तिच्यावर प्लॅस्टिक चिकटवावं लागतं. एसी असेल तर बंद. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गच्च दाबून बसवायचा. खिडकीच्या चौकटीवर रुंद चिकटपट्टी, आणि शक्य असेल तर आधीच मापानं कापून ठेवलेला प्लॅस्टिकचा कागद. ऐनवेळी कात्री शोधत बसलं की संपलं. चिकटपट्टीनं खोली हवाबंद होत नाही, पण वेळ मिळतो, आणि गॅसचा लोट बहुधा पुढं सरकतो. तो गेल्याची खात्री पटली की मात्र दारं-खिडक्या सताड उघडून बाहेर यायचं, कारण तोवर आत थोडाफार झिरपलेला असतो.

हवा किती पुरते? अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा ठोकताळा माणशी १० चौरस फूट जागेला पाच तासांचा आहे. १० बाय १२ ची खोली धरली तर १२ जीव. दहा मुलं, काकू आणि मदतनीस ताई. हिशेब जमतो, पण काठावर.

आता या हिशेबात जे धरलेलं नाही ते. मे महिना आहे, दुपारचे पावणेदोन वाजलेत, स्फोटानं वीज गेली तर पंखा बंद. बंद खोलीत १२ जणांचा उकाडा. अशा खोलीत मुलं अर्ध्या तासात घामाघूम होतात, किरकिर सुरू होते, एक रडलं की सगळी रडतात. त्यामुळे चिकटपट्टीइतकंच पाणी महत्त्वाचं. प्रत्येक मुलाची बाटली खोलीतच हवी, हॉलमधल्या स्टँडवर नको. एका पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, लंगोट, ओली पुसणी, दुधाची पावडर आणि उकळून गार केलेलं पाणी, ज्याला दमा आहे त्याचा पंप त्याच्या नावाच्या चिठ्ठीसह, बॅटरी, आणि पालकांचे नंबर कागदावर, मोबाइलमध्ये नव्हे. ही पिशवी परदेशी दुकानातून मागवायला नको, डोंबिवली स्टेशनबाहेर तासाभरात भरते.

आणखी एक विरोधाभास. जड गॅस खाली बसतो म्हणून वरचा मजला बरा. आणि आपली पाळणाघरं असतात तळमजल्यावर, कारण दप्तर आणि मूल दोन्ही उचलून कुणाला जिने चढायचे नसतात. अशा ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या कुटुंबाशी आधीच बोलून ठेवणं हाच मार्ग. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टँकरवर दोन तास भांडण होतं. दहा मिनिटं या विषयाला देता येतील.

यानंतरची गोष्ट, मूल पालकांच्या हाती परत देण्याची, जपानमधली. ११ मार्च २०११, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. इशिनोमाकी शहरात हियोरी नावाची बालवाडी टेकडीवर होती. भूकंप झाला, इमारत टिकली, मुलं सुखरूप. त्सुनामी त्या उंचीपर्यंत पोचलीच नाही. मुलं तिथंच थांबली असती तर काही झालं नसतं. पण भूकंपानंतर पंधराएक मिनिटांत बालवाडीनं मुलांना घरी सोडायला बस काढली, आणि बस टेकडी उतरून समुद्राच्या बाजूला गेली. बसमध्ये १२ मुलं होती. सात वाटेत पालकांच्या हाती गेली. उरलेली पाच परतीच्या वाटेवर लाटेत आणि नंतर लागलेल्या आगीत गेली. पालकांनी दावा लावला. सेंदाईच्या न्यायालयानं २०१३ साली बालवाडीला जबाबदार धरून साधारण १७ कोटी ७० लाख येन भरपाई द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात तडजोड झाली.

बस का काढली असेल? मला यात दुष्टावा दिसत नाही. घाबरलेली मुलं लवकरात लवकर आईजवळ पोचावीत, एवढाच तो विचार असणार. आपण त्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं, आणि म्हणूनच ही गोष्ट झोप उडवते.

आपल्याकडे हा ओढा दोन्ही बाजूंनी असतो. पाळणाघर मुलाला आईकडे पाठवायला बघतं आणि आई पाळणाघराकडे धावते. आपण कुठल्या आईचं कौतुक केलं? रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं. तिच्या नावानं बुरूज आहे, एसटीची गाडी आहे, स्टेशनांवर बाळाला पाजण्याचे कक्ष आहेत. थांबलेल्या आईची गोष्ट आपल्याकडे नाही. आणि गॅसगळतीच्या दुपारी आईला सांगावं लागतं: तू घाटकोपरला आहेस तर तिथंच थांब. धावत येऊन रस्ता अडवू नकोस, रुग्णवाहिकेला वाट हवी आहे. आणि आलीसच तर दार वाजवू नकोस, कारण दार उघडलं की तुझ्याबरोबर गॅस आत येईल, आणि आतल्या दहांपैकी नऊ मुलं दुसऱ्या कुणाची आहेत.

काकूंच्या वाट्याला आलेलं सगळ्यात कठीण काम हेच आहे. चिकटपट्टी कुणीही लावेल. बाहेर ओळखीची आई हंबरडा फोडते आहे, आत तिचं पोर तिचा आवाज ऐकून दाराकडे झेपावतंय, आणि काकूंनी म्हणायचं, नाही उघडणार. महिना चार-पाच हजार फी घेणाऱ्या, पालकांच्या एका वाईट शब्दानं चार मुलं गमावू शकणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा करायची असेल, तर ते जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवशी, लेखी ठरायला हवं. आईबापांची सही त्याखाली हवी. ऐनवेळी दाराच्या दोन बाजूंनी वाद घालायचा हा विषय नाही.

त्याच कागदावर मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं हेही हवं. आज मामा येईल, असा फोन एरवी चालतो. आपत्तीच्या दिवशी फोन लागत नाहीत, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्याच कुठल्या स्फोटाचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि खरोखरचा मामा दारात उभा राहिला तरी तो मामाच आहे हे काकूंना ठाऊक नसतं. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना आणि रीटा ही वादळं आली, तेव्हा पाच हजारांहून जास्त मुलं हरवल्याची नोंद झाली आणि शेवटचं मूल घरच्यांना भेटायला सहा महिने लागले. तीन वर्षांच्या मुलाला आईचं नाव 'आई' एवढंच ठाऊक असतं. कपड्याच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवायला दहा मिनिटं लागतात. एसएमएस मात्र फोनपेक्षा लवकर जातो. 'सगळी मुलं आत, सुखरूप, येऊ नका' एवढा एकच मजकूर आधी टाइप करून ठेवलेला असावा.

इथवर दार लावण्याची बाजू मांडली. आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे.

५ जून २००९, मेक्सिकोतलं एर्मोसियो शहर. एबीसी नावाचं पाळणाघर एका जुन्या गोदामात थाटलेलं होतं आणि भिंतीला भिंत लावून राज्य सरकारचं दुसरं गोदाम. दुपारची झोपेची वेळ. आग शेजारच्या गोदामात लागली आणि छतातून आत शिरली. आत दीडशेच्या आसपास मुलं होती. वापरातलं दार एकच, आणि आपत्कालीन दार बंद. बाहेरच्या एका माणसानं आपला पिकअप ट्रक भिंतीवर घालून भगदाडं पाडली, त्यातून मुलं बाहेर काढली. तरी ४९ मुलं गेली. पुढं पालकांच्या लढ्यातून पाळणाघरांसाठी वेगळा कायदा झाला. तो '५ जूनचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो.

भारताची आठवण याहून जुनी. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकाची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. शाळांना. घरगुती पाळणाघर ही शाळा नव्हे, त्यामुळे तो आदेश उंबऱ्याबाहेरच राहतो.

आपल्या पाळणाघराच्या खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल असतं, पूर्ण बंद. मुख्य दाराला लॅच, त्याच्या पुढं सेफ्टी डोअर, त्याला वर कडी, मुलांचा हात पोचू नये म्हणून उंच, आणि काही ठिकाणी आतून कुलूपही, कारण दोन वर्षांचं पोर जिन्यात निसटण्याची भीती रोजची असते. ती भीती रास्त आहे. पण दार बंद असणं वेगळं आणि कुलूपबंद असणं वेगळं. किल्ली लागेल असं कुलूप आतून कधीही नको. मोठ्या माणसाला एका हाताने, अंधारात, दुसऱ्या कडेवर मूल असताना उघडता येईल अशी कडी हवी. ग्रिलमध्ये उघडणारी एक खिडकी ठेवून घेता येते. लोहार ती सहज करून देतो, आणि तिची किल्ली खिडकीशेजारीच टांगलेली असावी. धूर दिसला की सगळे नियम बाजूला आणि बाहेर. बाहेरून गॅसचा वास किंवा दणका आला की आत. एवढा फरक दोन ओळींत भिंतीवर लिहिता येतो.

भूकंपाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं सरळ उत्तर नाही. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा दोन वर्षांची एक मुलगी घराबाहेर पळताना पडली आणि डोक्याला मार लागून गेली. घर पडलं नव्हतं. त्या काळात तंबू ठोकले गेले, कित्येक ठिकाणी मुलांचे वर्ग उघड्यावर भरले. पण उलट किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आठ हजारांच्या आसपास बळी. तिथं 'आत थांबा, टेबलाखाली जा' या सल्ल्याला काय अर्थ होता? घर कशाचं आहे, यावर सल्ला ठरतो. सिमेंटच्या खांबांवर उभ्या इमारतीत आत थांबावं, डोकं झाकावं, हलणं थांबल्यावर ओळीनं बाहेर पडावं. अंगणवाडी पत्र्याच्या किंवा कच्च्या भाड्याच्या खोलीत भरत असेल, तर सेविकेला सराव शिकवण्याआधी तिला धड खोली द्यायला हवी.

सरावाचं नाव काढलं की पहिला आक्षेप येतो: मुलं घाबरतील. जपानमधल्या पाळणाघरांना महिन्यातून निदान एकदा आपत्तीचा सराव करावाच लागतो, सरकारी नियमच आहे. तिथं तान्ह्यांना पाठीवर बांधतात, रांगणाऱ्यांना चाकाच्या एका मोठ्या पाळण्यात पाच-सहा जणांना उभं करून ढकलत नेतात. तिथल्या बालवाड्यांत, शाळांत खुर्चीच्या पाठीला एक जाड उशी अडकवलेली असते. उलटी केली की तिची कापसाची टोपी होते आणि डोकं-मान झाकते. मुलांना ती खेळण्यासारखीच वाटते. दर महिन्याला होणारी गोष्ट भीतीदायक राहत नाही.

आपल्याकडे तर गोष्ट तयारच आहे. काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दाराशी येतो, आणि चिऊ आतून एकामागून एक कारणं सांगत राहते. बाळाला न्हाऊ घालायचंय, पुसायचंय, तीट लावायचीय. दार काही लवकर उघडत नाही. मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पाठ असते आणि दार न उघडण्यात त्याला मजा येते. काकूंनी 'चला, चिऊचं घर' म्हटलं की सगळ्यांनी बेडरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून बसायचं, एवढं पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी पुरे. काऊची थोडी दया येते, ते राहू दे.

लपून, गप्प राहून जीव वाचवायची वेळ येते तेव्हा काय लागतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा प्रसूती कक्षात अंजली कुलथे या परिचारिका ड्युटीवर होत्या. त्यांच्याकडे २० गरोदर बायका. त्यांनी वॉर्डची दारं लावली, दिवे घालवले आणि सगळ्यांना टोकाच्या लहानशा पँट्रीत नेऊन बसवलं. त्या रात्रीच एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिगृहात नेलं. कुठलं पुस्तक उघडून त्या हे शिकल्या नव्हत्या. पण आपला वॉर्ड त्यांना पाठ होता: कुठलं दार लागतं, कुठल्या खोलीला बाहेरून दिसणारी खिडकी नाही, कुणाला कसं बोललं म्हणजे ती शांत राहते. पाळणाघरातल्या काकूंना हे सगळं ठाऊक असतंच. ते ज्ञान वापरायची परवानगी त्यांना कुणी दिलेली नाही.

राहिला कायदा. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं सांगितलं. डोंबिवलीहून फोर्टला जाणारी आई तान्ह्याला घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणार आहे का, हा विचार त्यात नाही. मूल डोंबिवलीतच राहतं. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्यानं आवाराबाहेरच्या लोकांनाही धोका काय आणि त्या वेळी काय करायचं, हे सांगायला हवं. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार औद्योगिक वसाहतीसाठी स्थानिक आपत्ती गट हवा, त्याची बैठक दर महिन्याला हवी, आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रंगीत तालीम हवी. म्हणजे नवीन कायदा करायची गरज नाही. त्या गटाच्या टेबलावर कारखान्यापासून दोन किलोमीटरच्या आतल्या पाळणाघरांची आणि अंगणवाड्यांची यादी हवी, पत्ता, मजला, मुलांची संख्या आणि एक फोन नंबर यांसह. यादी करायला अंगणवाडी सेविकेइतकं योग्य माणूस नाही, कारण गल्लीतल्या कुठल्या घरात किती पोरं असतात हे तिलाच माहीत असतं. मात्र हे कामही तिच्या मानधनात फुकट ढकलून देऊ नये. आधीच पोषणाचे आकडे भरून तिची बोटं दुखतात, आणि २०२३ च्या डिसेंबरात तिला मानधनासाठी रस्त्यावर उतरावं लागलं होतं.

धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा प्रत्येक स्फोटानंतर होतात. ते हलायचे तेव्हा हलोत. रंगीत तालीम मात्र पुढच्या सहा महिन्यांत व्हायची आहे, आणि तिच्या वेळेबद्दल एक सुचवायचं आहे. अशा तालमी बहुधा सकाळी अकराला, साहेबांच्या सोयीनं होतात. अमुदानचा स्फोट दुपारी दीडच्या पुढचा, इशिनोमाकीचा भूकंप पावणेतीनचा, एर्मोसियोची आग झोपेच्या वेळची. तालीम दुपारी दोनला ठेवावी, आणि सायरन वाजवायच्या आधी काकूंना कळवू नये.